कुपातल्या माणसांचं दप्तर

सागाचं झाड तोडायचं ठरलं की त्याच्यावर आधी हातोडा पडतो. वनखात्याचा माणूस बुंध्याची साल थोडी तासतो, उघड्या पडलेल्या लाकडावर खात्याची निशाणी असलेला हातोडा मारतो आणि नंबर घालतो. एक खूण छातीच्या उंचीवर, दुसरी अगदी जमिनीलगत. खालची खूण मुद्दाम असते. झाड गेलं तरी ती खुंटावर राहते आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला नुसता खुंट पाहून कळतं की झाड रीतसर तुटलं की चोरीला गेलं. पुढे ओंडक्यावर नंबर पडतो, लांबी आणि घेर वहीत चढतो, वाहतुकीचा पास फाटतो, डेपोत थप्पी लागते, लिलावात बोली होते. पेठच्या डोंगरात उभं असलेलं झाड नाशिकच्या वखारीत पोचेपर्यंत त्याच्या प्रत्येक मुक्कामाचा कागद तयार होतो.

ते झाड कुणी तोडलं, हे मात्र त्या कागदांत क्वचितच सापडतं.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक, कळवण, इगतपुरी हा सारा डोंगरपट्टा. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल, ठाकर, कातकरी यांच्या कितीतरी पिढ्या इथल्या कुपांत राबल्या. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा. दिवाळी झाली, भातं घरात आली की कूप सुरू व्हायचं आणि पावसाआधी माल डेपोत पोचवायचा. तोडणारे, फांद्या साफ करणारे, बैलांनी ओंडके ओढणारे, कोळशाच्या भट्ट्या लावणारे, गवत कापणारे अशी ही माणसं. त्यांच्या मजुरीचा, संपांचा, संस्थांचा आणि कोर्टातल्या भांडणांचा मोठा इतिहास आहे. तो एका कपाटात नाही, आणि त्याचा बराचसा भाग आजही बासनात किंवा माळ्यावर पडून आहे. म्हणूनच त्याचा शोध घेणं निकडीचं झालं आहे.

सरकारी दप्तरापासून सुरुवात केली तर मुंबईतल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जावं लागतं. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य भांडार तिथे आहे. इंग्रजांना इथल्या सागाची ओढ जुनी. जहाजबांधणीसाठी त्यांना तो हवा होता. १८४२ मध्ये त्यांनी डांगच्या राजांकडून तिथल्या जंगलाचा पट्टा लिहून घेतला. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमलं. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला चढली आणि रुळांखाली घालायच्या स्लीपरांची मागणी वाढली. १८७८ साली दोन गोष्टी घडल्या. नवा वनकायदा आला, आणि पेठच्या बेगमच्या मृत्यूनंतर पेठ संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आलं. पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, नाशिकचं गॅझेटियर छापून निघालं.

या साऱ्या कागदांतून जंगल चांगलं दिसतं. राखीव क्षेत्र किती, साग कुठे दाट, उत्पन्न किती, खर्च किती, वणवे किती. वनखात्याच्या वार्षिक अहवालांत तर तक्त्यांमागून तक्ते असतात. मजूर त्यात भेटतो तो बहुधा दोनच ठिकाणी: तोडीच्या खर्चाच्या रकमेत, आणि वनगुन्ह्यांच्या तक्त्यात. पहिल्या ठिकाणी त्याला नाव नसतं. दुसऱ्या ठिकाणी तो आरोपी असतो.

संशोधकाची आणखी एक पंचाईत आहे. पेठ १८७८ पासून इंग्रजी मुलखात, सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान, आणि शेजारचा डांग १९६० साली गुजरातेत गेला. एकाच डोंगरात राहणारी, एकमेकांत सोयरीक असलेली माणसं तीन वेगवेगळ्या कारभारांच्या कागदांत विखुरली गेली. सुरगाण्याचा मजूर डांगच्या कुपात कामाला गेला असेल, तर त्याचा माग काढायला आज दोन राज्यांची दप्तरं धुंडाळावी लागतात.

मजुराकडे थेट पाहणारा पहिला मोठा सरकारी कागद १९३०च्या दशकाच्या शेवटी आला. बाळासाहेब खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी करायला सांगण्यात आलं. अंशतः वर्जित ठरवलेल्या त्या भागांत नाशिक जिल्ह्यातला कळवण तालुका आणि पेठ होता, ठाण्यातले डहाणू, शहापूर, मोखाडा, उंबरगाव होते, पश्चिम खानदेशातले नंदुरबार, तळोदे, शहादे होते. सिमिंग्टनने सावकारी, वेठ आणि जंगल ठेकेदारांची पद्धत यांवर स्पष्ट लिहिलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराकडे वर्षानुवर्षं राबतो, त्या लग्नगडी पद्धतीचीही त्याने नोंद केली. तो सरकारचा नोकर होता आणि त्याची दृष्टी सरकारीच होती. तरीही त्याच्या अहवालाला मोल आहे, कारण त्यात झाडांऐवजी माणसांची मोजदाद आहे.

पुढच्या काही वर्षांत त्या माणसांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली. ते घडलं नाशिकच्या घाटाखाली, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात. १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथून परतलेल्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडून काढायला सुरुवात केली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत पाड्यापाड्यांत फिरत होते. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात मागणी पुढे आली: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, संप थेट जंगलतोडीच्या कामावर आला. मागणी होती दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी. कुऱ्हाडी खाली ठेवल्या गेल्या, कुपं बंद पडली आणि अखेर लाकूड व्यापाऱ्यांना आणि ठेकेदारांना ती मजुरी मान्य करावी लागली.

सव्वा रुपया ही आज क्षुल्लक रक्कम वाटेल. ज्याला कामाचा मोबदला धान्याच्या मापाने किंवा फटक्यांनी मिळत होता, त्याच्यासाठी रोजचा एक ठरलेला आकडा हाच मोठा विजय होता. ठरलेला आकडा मिळाला नाही तर तक्रार करता येते.

या लढ्याचं सर्वांत जिवंत दप्तर म्हणजे गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांच्या बाजूने उभं राहून लिहिलेली ही साक्ष आहे. तिच्या शेजारी त्याच महिन्यांतल्या पोलिसी आणि महसुली फायली ठेवून वाचल्या पाहिजेत. एकाच घटनेला एका कागदात ‘दंगल’ म्हटलेलं असतं, दुसऱ्यात ‘सभा’. दोन्ही समोर असल्याशिवाय खरं काय घडलं ते उमगत नाही.

संपानंतर लगेचच सरकारने वेगळी वाट काढली, आणि नाशिकचा या गोष्टीशी थेट संबंध इथून येतो. १९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले. त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थ आणि सहकार ही खाती वैकुंठलाल मेहतांकडे होती. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था निघू लागल्या. कल्पना साधी होती. ठेकेदाराला लिलावात कूप देण्याऐवजी ते मजुरांच्याच संस्थेला लिलावाशिवाय द्यायचं. सभासद आदिवासी, मजुरी ठरलेल्या दराने, आणि नफ्यातला वाटा संस्थेकडे. आदिवासींना हिशेबाची सवय नाही म्हणून प्रत्येक संस्थेच्या पाठीशी एखादी समाजसेवी संस्था पुरस्कर्ती म्हणून उभी असे. ठाण्यात आचार्य भिसे आणि आदिवासी सेवा मंडळाने हे काम उचललं. नाशिकच्या डोंगरपट्ट्यात दादासाहेब बिडकरांचं डांग सेवा मंडळ १९३७ पासून शाळा आणि वसतिगृहांच्या कामात होतं. इथल्या आदिवासींना कागद वाचता यावा, हिशेब कळावा, ही पायाभरणी अशा मंडळांनीच केली.

या संस्था आधीच्या संपांना उत्तर म्हणून आल्या, असं मानायला भरपूर जागा आहे. १९४६ चा संप आणि १९४७ चा निर्णय यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. पण म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. ज्या जंगलात ठेकेदाराचा मुकादम हाच कायदा होता, तिथे मजूर भागधारक झाला, त्याला सभेची नोटीस येऊ लागली, हात वर करून ठराव मंजूर करता येऊ लागला. १९६०–६१ मध्ये ढेबर आयोगाने अनुसूचित क्षेत्रांचा अभ्यास केला, तेव्हा जंगलातून ठेकेदार हटवून मजुरांच्या सहकारी संस्थांना काम द्यावं असंच सुचवलं. पुढे वृक्षतोडीवर नियंत्रणाचा १९६४ चा कायदा आला. १९६९ मध्ये आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीबाबतचा कायदा झाला, कारण मालकी शेतातला साग व्यापारी कवडीमोलाने उचलून नेत होते.

उणिवाही होत्या, आणि त्या लपवून इतिहास लिहिता येणार नाही. बऱ्याच ठिकाणी कारभार सचिवाच्या आणि पुरस्कर्त्यांच्या हातात राहिला. काही ठिकाणी जुना ठेकेदारच संस्थेच्या पाटीमागे बसून कूप चालवत राहिला आणि अध्यक्ष झालेला आदिवासी फक्त सहीपुरता उरला. संप करणाऱ्या मजुराला समोर मालक दिसतो. सहकारी संस्थेत तो स्वतःच मालक ठरला, मग मजुरी कमी पडली तर भांडायचं कुणाशी, हा पेच सुटला नाही.

हे सगळं पडताळून पाहायचं तर संस्थेचं दप्तरच उघडायला हवं. सहकारी संस्थेला कायद्यानेच काही वह्या ठेवाव्या लागतात. आय नमुना म्हणजे सभासदांची नोंदवही. रोजकीर्द, खतावणी, सभांचं प्रोसिडिंग बुक, दरसालचा लेखापरीक्षण अहवाल. आणि या सगळ्यांत मोलाचं मस्टर, म्हणजे हजेरीपट.

मस्टरचं एक पान वाचायला वेळ द्यावा लागतो. डावीकडे नावं, मग तारखांची घरं, हजेरीच्या खुणा, एकूण दिवस, दर, रक्कम, वजा उचल, हातात पडलेले पैसे आणि शेवटी सही किंवा डाव्या अंगठ्याची निशाणी. एकाच आडनावाची चार-पाच नावं सलग आली तर घरातली सगळी माणसं कुपावर आली होती हे कळतं. उचलीचा रकाना भरलेला आणि शेवटची रक्कम नाममात्र असेल तर मजूर हंगामाआधीच कर्जात होता. होळीच्या दिवसांत घरं रिकामी दिसतात. बायकांच्या नावापुढचा दर पुरुषांच्या दराशी ताडून पाहता येतो. वीस वर्षांची मस्टरं ओळीने लावली तर अंगठ्यांच्या जागी सह्या केव्हा येऊ लागल्या तेही दिसेल, आणि त्या गावात शाळा खरोखर कधी रुजली याचा तो कुठल्याही अहवालापेक्षा भक्कम पुरावा ठरेल.

मस्टरचं महत्त्व केवळ इतिहासापुरतं नाही. माणसाची भाकरी त्याच्यावर ठरलेली आहे.

१९८० नंतर जंगलातलं काम आटत गेलं. त्या वर्षी वनसंवर्धन कायदा आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उत्पन्नापेक्षा संरक्षणाला अग्रक्रम दिला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेबाहेरची तोड थांबवली. जंगलाच्या दृष्टीने हे आवश्यक होतं. पण तोडीवर उभ्या असलेल्या संस्थांचं कामच गेलं. कित्येक कुऱ्हाडी रोपवाटिकेच्या कुदळी झाल्या. वनखात्यात आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळात खड्डे खोदणं, रोपं लावणं, राखण करणं अशी रोजंदारीची कामं राहिली, आणि मजुरांच्या संघटनांचा लढा कुपातून औद्योगिक न्यायालयात गेला.

त्यातला मैलाचा दगड ठरला पुण्याच्या पाचगाव-पर्वती वनीकरणावरच्या आणि अहमदनगरकडच्या रोजंदारी मजुरांचा खटला. वनखातं हा ‘उद्योग’ आहे का, असा प्रश्न होता. खातं म्हणत होतं की हे सरकारचं सार्वभौम काम आहे, कामगार कायदे इथे लागू नाहीत. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि वर्षानुवर्षं ‘तात्पुरतं’ ठेवलेल्या मजुरांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. लगोलग ३१ जानेवारी १९९६ रोजी राज्य सरकारने ८,०३८ अधिसंख्य पदं निर्माण करून रोजंदारी वनमजुरांना कायम करण्याचा निर्णय काढला. अट होती दरवर्षी किमान २४० दिवस याप्रमाणे पाच वर्षं काम केल्याची.

ते २४० दिवस सिद्ध करायचे कशाने? मस्टरने. आणि मस्टर खात्याच्या कपाटात. २००२ मध्ये कर्नाटकातल्या एका वनमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की २४० दिवस काम केल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी मजुरावर आहे, त्याचं नुसतं प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही. ज्याच्या घरात पगाराची पावतीसुद्धा कधी आली नाही, त्याच्यासाठी हे किती कठीण आहे हे सांगायला नको. सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम राहतो, ड वर्गाचा वर्षभरात निकालात निघतो. मजुराच्या हजेरीचा कागद कोणत्या वर्गात टाकला, यावर त्याच्या हक्काचं आयुष्य ठरतं.

वनहक्क कायद्यानेही हाच धडा दिला. त्याखाली हक्क मिळवायला वनजमिनीवरचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा होता. ज्या दंडाच्या पावत्यांनी कधीकाळी आदिवासीला अतिक्रमणदार ठरवलं होतं, त्याच पावत्या आता त्याचा ताबा सिद्ध करायला उपयोगी पडल्या. ज्यांनी त्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, त्यांचे दावे भक्कम झाले. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोचला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे रखडलेले दावे ही त्यांची मुख्य मागणी होती.

दूरदेशी लाकूडतोड्यांनी आपलं दप्तर कसं जपलं, हे पाहण्यासारखं आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९३७ पासून ‘इंटरनॅशनल वुडवर्कर्स ऑफ अमेरिका’ ही युनियन काम करत होती. ठाण्याचे वारली सव्वा रुपयासाठी संपावर गेले त्याच १९४६ सालच्या मे-जूनमध्ये तिथले हजारो लाकूड कामगार संपावर होते. आठवड्याला ४० तासच काम, ही त्यांची एक मागणी होती. त्या युनियनने जपानी, चिनी आणि भारतीय कामगारांनाही सभासद करून घेतलं. पंजाबातून १९३७ मध्ये तिकडे गेलेले दर्शनसिंग तिचे संघटक होते. ते पुढे भारतात परतले, पंजाब विधानसभेत निवडून गेले आणि १९८६ मध्ये दहशतवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. २००४ मध्ये कॅनडातली ती युनियन पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये विलीन झाली. पण तिचे कागद आणि छायाचित्रं लेक कौविचन या छोट्या गावातल्या काट्झा स्टेशन म्युझियमने सांभाळली. मोठं विद्यापीठ लागलं नाही. ज्या गावात लाकूडतोडे राहिले, त्या गावाने ते केलं.

आपल्याकडे कागद कमी असले तरी सांगणारी माणसं आहेत. इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगच्या जंगलाचा इतिहास लिहिताना दप्तरखान्यातल्या फायलींच्या बरोबरीने डांगी लोकांच्या गोष्टींना जागा दिली. ‘हायब्रिड हिस्टरीज’ हे त्यांचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. जंगल मोकळं होतं तो काळ मोगलाईचा, आणि मोजणी, हद्दी, पहारे आले तो काळ मंडिनीचा, अशी डांगी माणसांची स्वतःची कालगणना त्यात भेटते. नाशिकच्या बाजूला, पेठ-सुरगाण्यात, अशा कामाला अजून भरपूर वाव आहे. १९७०च्या दशकात कुपावर गेलेली तरुण पोरं आज सत्तरीत आहेत. त्यांची मुलं दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत आणि गुजरातच्या ऊसतोडीला जातात. त्यांना कुपाचं काम ऐकूनच माहीत.

वेळ थोडा आहे. जंगल कामगार संस्था अवसायनात निघाली की दप्तर अवसायकाच्या ताब्यात जातं, आणि पुढे त्या वह्यांना वाली राहत नाही. नाशिकमध्ये १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मुक्त विद्यापीठ आहे, डोंगरपट्ट्यात महाविद्यालयं आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प द्यावेच लागतात. एकेका विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातल्या एकेका संस्थेचं दप्तर मोबाइलवर टिपून यादी केली, तरी काही वर्षांत पेठपासून कळवणपर्यंतचा मजुरांचा इतिहास अभ्यासकांच्या हाती येईल.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाचे आजोबा जंगल कामगार संस्थेचे सचिव, मुकादम, सभासद किंवा वनखात्यातले रोजंदार असतील, तर त्यांची जुनी पेटी रद्दीत देण्याआधी एकदा उघडा. भागाचा दाखला, उचलीची चिठ्ठी, मजुरीची पावती, सभेची नोटीस, दंडाची पावती, काहीही टाकू नका. मागे साल आणि गावाचं नाव पेन्सिलीने लिहा, फोटो काढा आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात द्या. आजोबा हयात असतील तर कूप कोणतं, मुकादम कोण, मजुरी किती आणि सोबत कोण होतं, एवढं आजच विचारून घ्या.